पाळण्याची जाहिरात

पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा आम्ही मुदखेडच्या आमच्या गल्लीत लगेच पेढे वाटले. पुढं मूल पोटातच गेलं आणि तेच शेजारी समजूत घालायला येऊन बसले. म्हणून दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, तीन महिने होईपर्यंत नवऱ्याशिवाय कुणालाच सांगायचं नाही.

पाळीच्या तारखा मी मोबाइलमधल्या एका फुकटच्या ॲपमध्ये टाकायची. दिवस राहिल्याचंही तिथंच टाकलं. ते आणखी कुणाला कळेल, असं डोक्यातही आलं नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या रोज दुपारी माझ्याच मोबाइलवर भजनं ऐकतात. एका रविवारी मी भाकरी थापत होते, तर त्यांनी मोबाइल समोर धरला. भजनाआधी पाळण्याची जाहिरात लागली होती.

"काल झबली होती, आज पाळणा. सारखं हेच येऊन राहिलंय."

माझा हात परातीतच थांबला. "आत्या, तुम्हाला कळलं?"

"हाव. पन तू सांगशील तवाच ऐकावं म्हनलं, म्हून गप होते. मग वाटलं, फोन चहाडी करून राहिलाय हे तुलाच ठाव न्हाई."

मला रडू आलं. राग मोबाइलचा होता, पण लपवायचं ओझं उतरलं, म्हणूनही असेल.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी त्या पाळीच्या ॲपची सेटिंग उघडून बसलो. लोकेशन, फोनमधले सगळे नंबर, फोटो, सगळ्याला मी न वाचताच परवानगी दिली होती.

"पाळीची तारीख ठिवायला तू कुठं जातीस ते कशाला लागतंय?" आत्यांनी विचारलं.

"कशालाच नाही," मी म्हणाले. पर्याय शोधून शोधून मी आधी खातं आणि माहिती पुसली, मगच ॲप काढून टाकलं. जे आधीच बाहेर गेलं, ते परत येणार नव्हतं. जाहिराती हळूहळू कमी झाल्या.

त्या रविवारी दुपारी आत्या स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलल्या. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधी त्यांचंही एक मूल गेलं होतं. "तवा बोलायला कुनीच नव्हतं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

तिसरा महिना सरला. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "आता सांगू का गं?"

"सांगा की!"

डोक्यावर पदर घेऊन त्या तशाच शेजारी गेल्या. त्यांचा आवाज मला घरात ऐकू येत होता.