मावशींचं मौन

टेकडीवरच्या त्या ख्रिस्ती शिबिरस्थळी मी मुलांची नाटुकली बसवायला जायचो. आयुष्यभर रंगमंचावर वावरलो, पण तिथल्या चादरवाल्या मावशींसारखी एन्ट्री कुणाची पाहिली नाही. आधी आवाज यायचा, मग चादरींचा गठ्ठा आणि त्यामागून मावशी.

राखणदाराची नवी नवरी म्हणून त्या आल्या तेव्हा तिथे नुसते तंबू होते. प्रार्थना झाडाखाली व्हायची. पुढे पत्र्याचं सभागृह झालं, खोल्या झाल्या, चॅपल उभं राहिलं. हा सगळा इतिहास मावशी पलंगावर चादर घालता घालता सांगायच्या, समोर ऐकणारा असो वा नसो. फक्त मौनाच्या शिबिरात पंचाईत. पाहुणे तीन दिवस चकार शब्द काढत नसत, म्हणून मावशींची रवानगी मागच्या धुण्याच्या खोलीत.

त्यांनी काम सोडायचं ठरवलं तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, "मावशी, काय देऊ तुम्हाला?"

"मौनाला पाहुणी म्हणून बसवा. लोक जड मनाने येतात नि हलके होऊन जातात. मी आपली त्यांच्या उशांचे अभ्रे बदलत राहिले. आत काय मिळतं, मलाही कळू दे की."

शेजारी उभा असलेला शिबिराचा आचारी फिस्सकन हसला. "तुम्ही? नाश्त्यापर्यंत गप्प राहिलात तर तुमची भांडी जन्मभर मी घासेन."

"साबण आणून ठेव, मेल्या."

त्या शिबिराला मीही होतो, समोरच्याच खोलीत. पहिल्याच सकाळी मावशींच्या जागी कामाला लागलेल्या नव्या मुलीने मावशींच्या पलंगावर चादर उलटी घातली, कोपरे लोंबते सोडले. आचारी मुद्दाम दारात घुटमळत होता. खुर्चीत बसलेल्या मावशींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. रात्री त्या उलट्या चादरीवरच झोपल्या.

दुसऱ्या दुपारी चॅपलच्या शेवटच्या बाकावर त्या रडताना दिसल्या. त्यांचा राखणदार नवरा गेला तेव्हाही शिबिर चालू होतं. माती देऊन आल्या आणि पदर खोचून खोल्यांकडे वळल्या, हे आम्हा जुन्या माणसांना ठाऊक होतं. बसायला त्यांना आत्ता वेळ मिळाला होता.

तिसऱ्या दिवशी मौन सुटल्याची घंटा झाली. सगळे एकदम बोलू लागले. आचारी चहा घेऊन मावशींच्या बाकापाशी आला. "सुटलात, मावशी. बोला आता."

मावशी थोड्या सरकल्या आणि त्यांनी शेजारची जागा थोपटली. तो बसला.

"भांडी कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.