सव्वा किलोचं रिव्हॉल्व्हर

अनिसिया लुकिन मला बारा वर्षं खुनी म्हणत आली. तोंडावर म्हणाली, चर्चच्या पायरीवर म्हणाली, धक्क्यावर चार बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. कोडियाक बेटावरच्या आमच्या या गावात माणसं दोनशे आणि बंदुकांचं दुकान एकच, तेही माझं. त्यामुळे मला खुनी म्हणून झालं की काडतुसं घ्यायला तिला माझ्याकडेच यावं लागे. यायची, खोकं उचलायची आणि जाताना दार असं आपटायची की भिंतीवरची शिंगं हलायची.

कामाला मात्र तिच्यासारखी बाई बेटावर दुसरी नाही, हे मी दात-ओठ खात का होईना, कबूल करतो. सव्वीस उन्हाळे तिने नदीवरच्या तळावर काढले. नदीत आडवा कठडा घालायचा आणि त्याच्या फटीतून वर जाणारे सॅमन मासे एकेक करून मोजायचे, हे तिचं काम. मासे आले की अस्वलं आलीच. तिच्या कमरेला एक जुनं पोलादी मॅग्नम रिव्हॉल्व्हर असायचं, मुठीचं लाकूड झिजून काळं पडलेलं. एकदा शहरातून आलेल्या साहेबाने तिच्या आकड्यावर शंका घेतली, तर तिने त्याला कमरेइतक्या पाण्यात उभं करून मासे मोजायला लावले होते. तासाभराने तो निळा पडला. तिने धुरावलेल्या माशाला तोड नव्हती आणि तिच्या जिभेलाही.

तिचा धाकटा भाऊ सावा तिच्याबरोबरच तळावर असे. बारा वर्षांपूर्वी, ऑगस्टात, त्याला पिल्लं असलेल्या अस्वलिणीने गाठलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून दोन गोळ्या सुटल्या. तिसरी सुटलीच नाही. ते रिव्हॉल्व्हर माझ्या दुकानातलं होतं, हलक्या धातूचं, जेमतेम पाऊण किलोचं. दफनाच्या दिवशी अनिसियाने सगळ्या गावासमोर सांगितलं, "या येफीमने ते खेळणं माझ्या भावाच्या गळ्यात मारलं."

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. मी गप्प बसलो. पहिलं वर्ष तिची कीव करण्यात गेलं. पुढची अकरा मी नुसता जळत होतो. सावाची मुलगी लुशा तेव्हा अकरा वर्षांची होती. मी समोरून दिसलो की रस्त्याची बाजू बदलायची, हे त्या पोरीला आत्याने शिकवलेलं.

या मे महिन्यात दोघी दुकानात आल्या. अनिसियाचे गुडघे गेले होते, आणि आठवड्याभराने तळावर लुशा जाणार होती. तिला रिव्हॉल्व्हर हवं होतं.

मी दोन काढून ठेवली, दोन्ही चव्वेचाळीस मॅग्नम. एक सव्वा किलोचं, सगळं पोलाद. दुसरं हलकं.

हलकं बघताच अनिसिया भडकली. "अजून ठेवतोस हे? लाज कशी वाटत नाही रे तुला, येफ्या?"

"शहरातले हौशी मासेमार मागतात. साधी काडतुसं घालतात, त्यांचं भागतं."

"मेले की भागलंच की!"

"आत्या, जरा थांब ना," लुशा म्हणाली. तिने दोन्ही हातांत घेऊन पाहिली. "मला हलकंच बरं वाटतंय. दिवसभर पाण्यात उभं राहायचं. ते जड मी दुपार व्हायच्या आत तंबूत टांगून ठेवेन. तंबूतल्या बंदुकीचा काय उपयोग?"

बोलणं खोटं नव्हतं. जड रिव्हॉल्व्हर तंबूत टांगून नदीवर गेलेली माणसं मलाही माहीत आहेत. पण अनिसियाचा चेहरा लाल झाला. "बापाची गत पाहिलीस ना? हा माणूस तुलाही तेच बांधून देईल!"

तेव्हा माझ्या डोक्यातलं काहीतरी सटकलं. दोन्ही रिव्हॉल्व्हरं आणि अस्वलांसाठीच्या जड काडतुसांचं खोकं उचललं आणि म्हणालो, "चला मागे. दोघी."

दुकानामागे खडीची जुनी खाण आहे. बारीक पाऊस पडत होता. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या भरून लुशाच्या हातात दिलं. पहिल्या गोळीला तिचे हात डोक्यापर्यंत उडाले. दुसरीला ती कळवळली. तिसऱ्यांदा तिने घोडा ओढला, आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. दोन्ही हातांची बोटं लावून ओढला.

"अडकलं," ती म्हणाली. "फिरतच नाहीये."

मी ते तिच्याकडून घेतलं आणि गोळ्यांच्या चाकाची पुढची बाजू तिला दाखवली. एका पुंगळीतलं शिसं पुढे सरकून बाहेर डोकावत होतं. "बंदूक हलकी आणि काडतूस जड, म्हणजे दणका फार बसतो. त्या दणक्याने बाकीच्या गोळ्यांचं शिसं पुंगळीतून सुटून पुढे येतं. मग चाकाला फिरायला जागा राहत नाही."

लुशा त्या शिशाकडे बघत राहिली. "बाबांचंही हेच झालं?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी अनिसियाकडे पाहिलं. म्हटलं, "आज तूच सांग. मी पुष्कळ ऐकून घेतलं."

ती खडीकडे बघत म्हणाली, "तुझ्या बाबांची पाठ धरली होती गं. बोटीवरून पडला होता. जड पट्टा बांधला की रात्री कण्हायचा. हलकं मी निवडलं. येफीम नको म्हणाला होता. तीनदा म्हणाला."

"आणि बारा वर्षं तू यांना..." लुशाचा आवाज फाटला. "मी यांच्याशी कधी बोलले नाही, आत्या! मी यांच्या दारात थुंकलेय!"

"मग काय सांगू? मीच मारला म्हणून सांगू?" अनिसिया ओरडली, आणि तिथेच त्या ओल्या खडीवर बसली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बारा वर्षं मी याच घटकेची वाट पाहत होतो. पण लुशा माझ्याकडे वळली.

"नको म्हणालात ना तीनदा? मग चौथ्यांदा हो म्हणून विकलंत कशाला?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"रागाने," मी म्हणालो. "ती म्हणाली, ते जड, जास्त पैशाचं खपवायला बघतोस, चोरा. मला राग आला. म्हटलं, घे बाई, भागव तुझी हौस. आणि दिलं बांधून."

लुशाने जड रिव्हॉल्व्हर उचललं, सहा गोळ्या भरल्या, सहाही झाडल्या. चाक सहाही वेळा फिरलं. मनगट चोळत तिने पुन्हा भरलं आणि पुन्हा सहा झाडल्या. मग छातीवर बांधायचा पट्टा मागितला. तो मी आणून दिला, पण बांधायला पुढे झालो तेव्हा तिने माझा हात बाजूला सारला. बकल तिचं तिनेच लावलं.

"हा मी झोपतानाच काढेन," ती म्हणाली. "एकीला माझ्या बाबांची दया आली आणि एकाला राग आला. त्या दोघांपुढे बाबा काय बोलणार होते? जे दिलं ते त्यांनी बांधलं."

ती धक्क्याकडे चालू लागली. आत्यासाठी थांबली नाही.

अनिसियाला गुडघ्यांमुळे उठता येत नव्हतं. मी हात दिला. तिने तो धरला, उठली आणि लगेच सोडला. मग आम्ही दोघं त्या पावसात उभे राहिलो. दोष द्यायला तिच्याकडे आता कुणी उरलं नव्हतं, आणि माझ्याकडेही.