पालथं खापर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी देवपुरात ‘अपयशावर मात’ नावाचं व्याख्यान झालं. जेवणासह माणशी पाचशे. मी आणि बायको मिळून हजार. वक्त्याचं सगळ्यात मोठं अपयश म्हणजे बारावीत दोन गुण कमी पडले. ते तासभर चाललं.

जेवणाआधी आम्ही मागच्या अंगणात आलो. तिथे एक बाई पुरणाचे मांडे करत होती. तिचं उजवं मनगट मोडून वाकडं जुळलं होतं. तरी मांडा ती कोपरापर्यंतच्या हातांवर झुलवत मोठा करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. हात मोडल्यापासून दोन वर्षांनी हे पहिलंच काम मिळालं, असं तिने बायकोला सांगितलं. एकही मांडा फाटला नाही.

तेवढ्यात वक्ते आले. “अक्का, स्टेजवर चला. हा हात लोकांना दाखवा. टाळ्या पडतील.”

तिने मान वर केली नाही. “भाऊ, खापर तापेल शे. मांडा जळी गया ते टाळ्या वाढू का पानवर?”

वक्ते परतले आणि आत माईकवर पुन्हा जिद्द शिकवू लागले. हजार रुपये त्यांच्याकडे गेलेच होते. आखाजीच्या दहा मांड्यांचे सहाशे मी बाईला आगाऊ दिले. घ्यायला तिने तो वाकडाच हात पुढे केला.