पाणी न पिणारा पाहुणा

चिखलीत आमच्या विहिरीलगतच्या ओढ्याला कारखान्यांचं सांडपाणी येऊ लागलं, तेव्हा दर महिन्याला सायकलवर बाटल्यांची पेटी बांधून एक तपासनीस यायचा. बाटली विहिरीच्याच पाण्यानं तीनदा विसळून मगच भरायचा. "अजून पिऊ नका," म्हणायचा. आई लांबच्या मळ्यातून डोक्यावर हंडा आणायची. त्यातला तांब्या पुढे केला, की हा नुसते हात जोडायचा.

"आमच्या घरचं पानी बी चालंना व्हय याला!" तो गेल्यावर आई माझ्यापाशी चिडचिड करायची.

सांडपाणी जमिनीखालच्या मोठ्या नळातून दूर नेल्यावर दोन पावसाळे गेले. एकदा तो पेटीशिवायच आला.

"वहिनी, तुम्ही डोक्यावरून आणलेलं माझ्या घशाखाली उतरलं नसतं. आज विहिरीचं द्या. चांगलं झालंय."

तो घटाघटा प्यायला. आईनं हंडा तुळशीत रिकामा केला आणि उपडा ठेवला.