खुंटीवरची छत्री

ऐंशीच्या दशकात भारतातून कुणीही व्हर्जिनियात आमच्याकडे आलं की दोन फेऱ्या ठरलेल्या. एक वॉशिंग्टन, आणि दुसरी दीड तासावरच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांच्या घराची. घर जसंच्या तसं जपलेलं, मागच्या बागेत नवरा-बायकोच्या समाध्या. सासरच्या माणसांना नेऊन नेऊन मला तिथल्या पायऱ्यासुद्धा पाठ झाल्या होत्या. पण आईला घेऊन गेले त्या दिवशी माझं डोकं घरूनच फिरलेलं होतं.

कारण पर्समधलं पत्र. भावाचं, आदल्या दिवशी आलेलं. बाबांना जाऊन सात महिने झाले होते. आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली काय, आणि तिकडे चिरंजीवांनी आई-बाबांची खोली रिकामी करून तिथे स्वतःच्या शिकवणीचे बाक मांडले! 'बाबांचं जुनंपानं भंगारवाल्याला दिलं. आईला आता तुझ्याकडेच राहू दे.' झालं, सुटला हा! मी ते पत्र आईला दाखवलं नव्हतं. कुठल्या तोंडाने दाखवणार?

आत गाइडबाई मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, साहेब गेले त्या दिवसापासून त्यांच्या या खोलीतली टाचणीसुद्धा हललेली नाही. चष्मा टेबलावर, सपाता पलंगाखाली, दाराशी खुंटीवर छत्री. सगळ्याला दोरी लावलेली, हात लावायचा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसाच्या सपातांना पहारा, आणि माझ्या बापाचं सामान हातगाडीवर!

आई मात्र भलत्याच गोष्टीवर भडकली.

"अगं बाई, छत्री अजून इथेच?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "बाराव्याला दान नाही दिली? म्हणजे बिचारा वर गेला तो भिजतच!"

आई काय म्हणतात, असं गाइडबाईंनी विचारलं. त्यांना छत्री फार आवडली, असं मी ठोकून दिलं.

"आपण दिली ना बाबांची?" मी आईला विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"दानाला नवी आणली होती." तिचा आवाज खाली आला. "यांची आहे की खुंटीवर. ती कशी देईन मी? मूठ झिजलीय यांच्या हाताने. परत गेले की तिला नवं कापड बसवून घेणार आहे."

मी पत्राची पर्स काखेत घट्ट दाबली आणि तिला बाहेर घेऊन आले.

बाहेर समाधीपाशी आईने मी घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट काढले, मोज्यांवर उभी राहून हात जोडले. साहेबांच्या मागे बाई वीस वर्षं याच घरात राहिल्या, रोज संध्याकाळी इथे येऊन बसायच्या, असं गाइडबाई सांगत होत्या. मी ते मराठीत सांगितलं.

"पुण्यवान बाई," आई म्हणाली. "ऊठ म्हणायला कुणी आलं नाही तिला."

मग मला राहवेना. तिला बाकावर बसवून मी सगळं ओकून टाकलं. भावाला निर्लज्ज म्हटलं, हलकट म्हटलं, बायकोच्या ओंजळीने पाणी पितो म्हटलं. येणारे-जाणारे वळून बघत होते. बघेनात का! "तू परत जायचंच नाहीस," मी म्हटलं. "माझ्याकडे राहा, रुबाबात."

"पत्र दे," आई म्हणाली.

चष्मा लावून तिने सावकाश वाचलं. पान उलटलं आणि मागची ओळ मोठ्याने वाचली. 'तूच फोनवर म्हणालीस ना, आईला त्या खोलीत एकटीला कशाला ठेवायचं, ती माझ्याकडेच राहील. म्हणून हे केलं.'

ती ओळ मी दोनदा वाचली होती. बाबा गेले तेव्हा फोनवर रडता रडता म्हणाले होते मी तसं. आईला विचारायचं काही मला सुचलं नव्हतं. आणि भावाला शिव्या घालताना तेवढी ओळ मी बरोब्बर गाळली होती.

"मायेनेच म्हणाले गं," मी म्हटलं.

"असशील." ती वाकून बुटाची नाडी बांधत होती. मी मदतीला हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला. "खोली माझी होती. तुम्हा दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही."

पत्राची घडी घालून तिने ते स्वतःच्या पिशवीत टाकलं.

"उद्या त्याला फोन लाव. तू बोलू नकोस, मी बोलेन. आणि माझं तिकीट अलीकडचं करून घे. छत्री गेली, खुंटी तरी जागेवर आहे का बघते."