विमलबाई माप सांगत नाहीत

"फुकट हाय म्हनलीस, म्हनून मी व्हय म्हनले!"

"अगं आई, फुकट आहे म्हणजे वाईटच असतं का? लाखो लोक वापरतात. मोबाईलमध्ये लिहायचं, ते त्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाऊन राहतं. तिथं वाळवी नाही, उंदीर नाही."

"भाडं?"

"नाही."

"लाईट बिल?"

"अगं नाही म्हटलं ना!"

"मग त्यो कंपनीवाला आपला कोन लागतो? मामा का मावसा? माझ्या सख्ख्या भावानं माझी ट्रंक म्हैनाभर ठिवून घेतली न्हाई, आन ह्यो परका मानूस चारशे बायांची मापं जल्मभर फुकट सांभाळनार?"

दीपानं कपाळाला हात लावला. "आणि एका मेसेजवरून तू सगळं बंद करायला सांगतेस?"

"मेसेजवरनं न्हाई," विमलबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "संस्कृतीच्या सवालावरनं."

तो सवाल दोघींनीही ऐकला होता. सकाळी फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून संस्कृती, मागच्या गल्लीतली नवी सून, रडवेल्या आवाजात विचारत होती, "काकू, तुम्ही सांगितलंत का हो आमच्या घरी?"

एकतीस वर्षांत विमलबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

केडगावात, पुणे रस्त्यावरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं दुकान. पाटी नाही. गरजच नाही. 'विमलबाईंकडं टाकलंय' एवढं म्हटलं की बायकांना कळतं. माहेर कर्जतकडचं, शिक्षण नववी, लग्नात मिळालेली भांडी विकून घेतलेलं पहिलं मशीन. नवरा भीमराज एमआयडीसीत कामाला, तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "चार दिवसांची हौस." त्या हौसेवर दीपा कॉलेज शिकली. चौदा एप्रिल जवळ आला की दुकानात पांढऱ्या ब्लाउजांचा डोंगर उभा राहायचा, लग्नसराईत हिरव्या-लालांचा. सगळ्या जातीपातीच्या, सगळ्या अंगांच्या बायका त्या एका पडद्याआड उभ्या राहायच्या आणि हात वर करायच्या.

शिवणारे गावात पुष्कळ होते. बायका विमलबाईंकडं यायच्या ते वेगळ्याच कारणानं. बाई माप सांगत नसे. एका बायकोभक्तानं वाढदिवसासाठी गुपचूप ब्लाउज शिवायचं म्हणून बायकोचं माप विचारलं, तर त्याला उत्तर मिळालं, "बायकूला घिऊन या." एका नणंदेनं भावजयीचं विचारलं, तर तिला चहा मिळाला, माप नाही मिळालं.

त्यांची लिहायची रीतही तशीच होती. दोन वह्या. एकीत बाईचं नाव आणि तिच्यापुढं आकडा. दुसरीत नुसता आकडा आणि त्यापुढं छाती, कंबर, मुंढा, बाही. एक वही दुकानात, दुसरी आत डब्यांच्या मागं. एक वही कुणाच्या हाती लागली तरी कुणाचं काय ते कळायचं नाही. आणि कधी कधी आकड्यापुढं एक बारीक टिंब. ते टिंब असलं की त्या ब्लाउजात माया जास्त सोडायची, म्हणजे शिलाईच्या आत दोन बोटं जादा कापड ठेवायचं. पुढं उसवून मोठं करता येतं. सासूला, नवऱ्याला, कधी कधी डॉक्टरलाही कळायच्या आधी विमलबाईंच्या टेपला कळायचं की हिला दिवस गेलेत. टेप गळ्यात अडकवायची, टिंब द्यायचं, आणि तोंडानं म्हणायचं, "गुरुवारी घिऊन जा."

अशा जोड्या साठत गेल्या; गेल्या वर्षी वाळवीनं त्यातल्या तीन वह्या खाल्ल्या. दीपानंच मग शिलाईकाम करणाऱ्यांसाठीचं एक ॲप शोधलं, फुकटातलं. उरलेल्या वह्या घेऊन चार महिने ती संध्याकाळी बसायची आणि टाइप करायची. पोरगी हुशार, काम नेटकं. तिनं दोन वह्यांची एक केली. नावापुढं माप, मापापुढं मोबाईल नंबर. आणि टिंबाचा अर्थ आईकडून काढून घेऊन 'खास नोंद' असं लिहिलेल्या रकान्यात चक्क अक्षरांत लिहिलं : 'दिवस गेलेत, माया जास्त.'

संस्कृतीच्या नावापुढं नंबर होता तिच्या सासूचा.

काल त्या नंबरावर मेसेज आला. 'घरात पाळणा हलणार! बाळाच्या कपड्यांवर खास सूट.' संस्कृतीनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या खेपेला सांगितलं होतं, सासूनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि दोन आठवड्यांनी तीच गल्ली सांत्वनाला आली होती. या वेळी तीन महिने होऊ देत, मग बोलू, असं तिनं ठरवलं होतं. ठाऊक होतं फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, रामला. आणि विमलबाईंच्या टेपला.

"वाच," विमलबाई म्हणाल्या. "त्या कंपनीनं काय लिवलंय ते वाच. तू 'मान्य' दाबलंस ना? मग वाचलं असशीलच."

दीपानं वाचलं नव्हतं. आता वाचलं. पहिल्यांदा भरभर, मग अडखळत, मग मोठ्यानं. "तुम्ही भरलेली माहिती... आमची सेवा विनामूल्य ठेवण्यासाठी... आमच्या सहयोगी कंपन्यांना..."

"मराटीत सांग."

"म्हणजे ते आपलं लिहिलेलं वाचतात, आई. आणि ज्यांना माल विकायचाय त्यांना देतात."

"हां. म्हंजी भाडं हाय. आपन देत न्हाई, संस्कृती देती."

दीपाला कॉलेजात हे सगळं शिकवलं होतं, परीक्षेत तिनं त्यावर दोन पानं लिहिली होती. आणि नववी शिकलेली ही बाई तीस वर्षं दोन वह्या वेगळ्या ठेवत होती, कुणी न शिकवता.

"दुसरं एक आहे," ती हळू म्हणाली. "महिन्याला पैसे पडतात. पण तिथं कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडं. कंपनीलासुद्धा उघडून वाचता येत नाही. फक्त किल्लीचा शब्द विसरलो तर सगळं गेलं. कुणी परत काढून देणार नाही."

"कंपनीलाबी न्हाई?"

"नाही."

"मग ते घे. इसरायचं बघू आपन. आन तिथंबी दोन वह्या कर. नावं एकीकडं, मापं दुसरीकडं. टिंब म्हंजी टिंब."

"आई, पण जे गेलं ते गेलं. पुसलं तरी त्यांच्याकडनं परत येणार नाही."

"ठावं हाय. म्हनून बायांना मी सोता सांगनार. एकेकीला."

सुरुवातही लगेच झाली. तेवढ्यात बायडाबाई साडीला पिको करायला आल्या, त्यांना विमलबाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. बायडाबाई हसून लोटपोट. "आवं, माझी छाती बेचाळीस हाय, सांगा त्या कंपनीला! येवढं कापड कुनाला परवडतंय का बघा म्हनावं!"

पण हसणाऱ्या सगळ्याच नसतात. शटर वर सरकलं आणि छबूबाई आत आल्या. संस्कृतीची सासू. हातात मोबाईल, कमरेला पदर खोचलेला.

"विमलबाई, ह्ये काय हाय? शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. पाळना हलनार म्हनत्यात. कुनाचा?"

"बसा, छबूबाई. पानी घ्या."

"पानी नगं. सुनंला इचारलं तर ती म्हनती, मला काय ठावं. पोरगा बाहीर पळतोय. तुमच्याकडं तिचं ब्लाउज हाय ना? वाढलंय का माप?"

असले मेसेज सगळ्यांनाच येतात, असं म्हणावं, विषय मिटेल, असं दीपाच्या ओठांवर आलं. आईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं, आणि ते शब्द आत गेले.

"तुमचा नंबर आमच्याकडनं भाईर गेला," विमलबाई म्हणाल्या. "फुकटच्या नादात. चूक माझी. तुमची माफी मागते. उद्यापास्नं न्हाई जायचा."

"नंबराचं जाऊ द्या वो! मापाचं सांगा."

"माप न्हाई सांगत मी."

"मी काय परकी हाय? सासू हाय तिची!"

"तुमचं माप तिनं इचारलं आस्तं तरी नस्तं सांगितलं."

छबूबाईंनी सूर बदलला. जवळ सरकल्या. "बगा, पुतनीचं लगीन हाय दिवाळीनंतर. सतरा ब्लाउजं हायती. समदी तुमच्याकडंच टाकते. निस्ती मान हलवा. व्हय का न्हाई. येवढंच."

सतरा ब्लाउजं म्हणजे अख्खी सराई. दीपाला ठाऊक होतं, नव्या कुलपाचं वर्षाचं भाडं त्यातून आरामात निघालं असतं. पंखा फिरत होता. विमलबाईंची मान हलली नाही, ना उभी ना आडवी. तीस वर्षं पडद्याआड उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका जणू त्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. दीपाला वाटलं, आपली आई लहानखुरी आहे असं आपण आजवर उगाच समजत होतो.

"गप बसलात म्हंजी व्हय समजू?" छबूबाई म्हणाल्या. "का न्हाई समजू? आवं, बोला की!"

विमलबाईंनी सुई गादीत टोचली. ज्यांना अजून सांगायचं होतं त्यांतल्या चौघींची इस्त्री केलेली ब्लाउजं पिशवीत घातली, गळ्यातली टेप काढून दीपाच्या गळ्यात अडकवली, चपला पायात सरकवल्या, आणि स्वतःच्याच दुकानातून, स्वतःचंच गिऱ्हाईक तसंच उभं सोडून, रस्त्यावर चालू लागल्या.