न्हाणीची बाहेरची कडी

न्हाणीच्या दाराला मी नवी कडी बसवली, जाता-जाता ती लावली, आणि आत असलेल्या आईला कोंडून जामच्या ढाब्यावर जेवायला निघून गेलो.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही — आणि आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट ठाऊक नाही.

माझ्या फजितीच्या गोष्टी पवनारात बहुतेकांना पाठ आहेत, कारण त्या मीच सांगत फिरतो. स्वयंपाकघराच्या दाराला मी एकदा बिजागरीच्या बाजूनं हॅन्डल बसवलं होतं, आणि दार उघडत नाही म्हणून चौकटीला पाय लावून त्याला शिव्या देत ओढत होतो. ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगतो, लोकांना ठसका लागेपर्यंत. स्वतःचा मूर्खपणा सांगण्यात एक सोय असते. एक कबूल केला, की लोक दुसरा शोधत नाहीत.

तर त्या उन्हाळ्यात मला घरातल्या कड्या बदलायची हुक्की आली. बाबा गेल्यापासून दारांना कुणी हात लावला नव्हता. हॅन्डल ओढलं की हातात यायचं, कड्या झिजून निम्म्या झालेल्या. वंदना — माझी बायको — म्हणाली, सुताराला बोलवा. मी कशाला बोलावतो? वर्ध्याहून पिशवीभर सामान आणलं आणि स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन घरभर हिंडू लागलो. वंदना सेलूला माहेरी निघून गेली, ती बहुतेक त्या ठोकाठोकीलाच कंटाळून.

आता न्हाणीचं. ती मागच्या आवारात आहे, वर टिनाचं छप्पर, दारही पत्र्याचं. आमच्याकडे वानरं फार. दार उघडं दिसलं की आत शिरतात, बादलीत तोंड घालतात, साबण पळवतात. म्हणून आमच्या घरात पहिल्यापासूनची रीत अशी, की मागून जाताना न्हाणीचं दार ओढायचं आणि बाहेरून कडी घालायची. आत कुणी आहे का, ते बघायचं नाही. कशाला बघायचं? ती जुनी कडी इतकी घासली होती, की आतून दोन धक्के दिले की आपोआप सुटायची. आमच्या घरातला एकूण एक माणूस तिथं कोंडला गेलेला आहे. भाऊजी तर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, अंगभर उटणं लावून! 'कोन हाय रे तिकडं!' असं ओरडायचं, दोन धक्के द्यायचे आणि बाहेर यायचं.

ती कडी काढून मी तिथं जाडजूड पोलादी कडी बसवली. आतली कडी बरी होती, तिला हात लावला नाही. नवी कडी सरकवली की 'खट्ट' वाजायची. तो आवाज ऐकायला मी येता-जाता ती लावायचो, काढायचो, पुन्हा लावायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी बसवलेली एखादी वस्तू घट्ट बसली होती.

आई तेव्हा सत्तरी ओलांडलेली. आमच्या वावरातली मेथी, पालक, वांगी गाठोड्यात बांधून रोज सकाळच्या बसनं वर्ध्याच्या बाजारात जायची. तिथं तिची ठरलेली जागा होती, शेवंताबाईच्या शेजारी. बाबा गेल्यावर घर तिनं त्या जागेवर बसून चालवलं. दुपारच्या आत परत यायची, ताट वाढून झाकून ठेवायची आणि थेट न्हाणीत जायची. हा तिचा क्रम मला माहीत नव्हता, असं मी म्हणू शकत नाही.

माझ्या एका मित्रानं जामला हायवेवर ढाबा टाकला होता. त्याच्याकडे निघालो. गाडी मागच्या आवारात होती, न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं. हात आपोआप गेला. ओढलं. खट्ट. गाडीला किक मारली. आत पाण्याचा आवाज होता का? — असेल. मी ऐकला का? खरंच सांगतो, मला आठवत नाही. आणि 'आठवत नाही' हे शब्द माझ्या तोंडून किती हलके निघतात, ते तुम्हाला पुढे कळेलच.

ढाब्यावर मी कशाबद्दल बोलत होतो? कड्यांबद्दल. सुताराशिवाय घरभर कड्या कशा बसवल्या, त्याबद्दल. शेवभाजी झाली, ताक झालं, पान झालं. सगळे हसत होते. ऊन कलल्यावर उठलो.

घरी आलो तर ताट झाकलेलंच. मागे गेलो. कडी लागलेली होती — बाहेरून. ती मी माझ्या हातानं काढली.

आई भिंतीला टेकून बसली होती. लुगड्याचा ओला पदर डोक्यावर, बादली रिकामी. तिनं पाणी जपून जपून वापरलं होतं. थोडं डोक्यावर, थोडं तोंडात. दाराखालच्या फटीशी सरकून बसली होती, वाऱ्यासाठी. हाताची बोटं दार ठोकून सोलवटलेली. त्या भट्टीत जे करायला हवं, ते सगळं तिनं केलं होतं. मे महिन्यात भर दुपारी गावात सगळे दारं लावून कूलरसमोर झोपलेले. तिची हाक कोण ऐकणार?

"बाहेरून लावलती रे कोनं तरी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ओरडू ओरडू गळा गेला माहा."

मी तिला उचलून बाजेवर आणलं. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, अंगावर ओलं फडकं टाकलं. इथपर्यंतची सगळी चूक आहे. चूक मी सांगू शकलो असतो — अजून एक फजिती म्हणून, रडत का होईना, पण सांगू शकलो असतो.

ऑटोवाल्याला फोन करायचा होता. फोन खिशात होता. मी खिशात हात घातला नाही. मी पेचकस उचलला.

हो. आई बाजेवर धापा टाकत होती, आणि मी न्हाणीत जाऊन आतल्या कडीचे स्क्रू ढिले करत होतो. पक्कड लावून तिचा दांडा वाकवला. कडी दाराला लोंबकळायला लागली, तेव्हा दोन पावलं मागं होऊन बघितलं, झटापटीत उखडल्यासारखी दिसते का ते. दिसत होती. छान जमलं होतं. मग फोन केला.

जो आला त्याला सांगितलं — आईनं आतून कडी लावून घेतली, तिला ती काढता येईना, मी दार हलवून हलवून तोडली. लोकांनी लोंबकळणारी कडी बघितली. संपलं.

दवाखान्यात सलाइन लागलेलं असताना ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी आतून लावतच नाई कडी. घरात कोन असते दुपारचं, कोनापासून लावू?"

"ऊन लागलं तुले, आई," मी म्हणालो. "तुले आठवत नाई."

हिंगणघाटहून ताई आली. रडली, मग आईवरच चिडली. "एकटी बसनं जाते बाजारात. उद्या भलतीकडंच उतरली तं कुठं शोधाचं आम्ही?" आणि माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो? म्हणालो, "हो ताई, मलेबी तेच वाटून राह्यलं."

आईचा बाजार बंद झाला. ती भांडली, अबोला धरला; एकदा गाठोडं डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत गेलीसुद्धा. वंदनानं हाताला धरून आत आणली. ताई रोज फोनवरून विचारायची, "आई, आज वार कोनता हाय?" आई चिडायची. चिडली की चुकायची. चुकली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. असं रोज. तुम्हीच सांगा, असं रोज झालं तर कुणाचं डोकं टिकेल?

आता ती न्हाणीचं दार उघडं ठेवून आंघोळ करते. चौकटीला जुनं लुगडं टांगलेलं, आणि बाहेर पाठ करून वंदना उभी. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई आता मोरीवर जायलाही सुनेला विचारते.

आणि एक दिवस मी भिंतीपलीकडून ऐकलं. शेजारीण आली होती, तिला आई सांगत होती, "माह्या डोक्याचा काही भरोसा नाई बाई आता. आतून कडी लावली अन् विसरली मी. पोराले दार तोडा लागलं." तिच्या आवाजात माझ्याबद्दल — कसं सांगू — कौतुक होतं. पोरानं वाचवलं, असं कौतुक. त्या क्षणी आत जायला काय लागत होतं? दारही उघडंच होतं. मी खाकरलो आणि वावराकडे निघून गेलो.

मूर्ख ठरायला मला चालतं. त्यावर तर माझी पंगत रंगते. भित्रा ठरायला चालत नव्हतं. दुसरं काहीही कारण नाही. माझी लाज राहावी म्हणून मी माझ्या आईचं डोकं गहाण टाकलं.

हल्ली भाजी मी नेतो. तिच्याच जागेवर बसतो. मंगळवारी शेवंताबाईनं विचारलं, "काऊन रे दिनू, मायले कवा आणतं बाजारात?"

मी नेहमीचं सांगितलं. "ऊन बाधलं ना मावशी तिले, तवापासून डोकं जागेवर नाई राहत."

"मी गेलती ना परवा तुमच्या घरी." ती कोथिंबिरीवर पाणी मारत होती. "माह्या नातीचं बाळंतपन कुठं झालं, कोन्या सालात मी तिच्याजवळून वांग्याचं बियानं नेलं, सारं सांगतलं तिनं. अन् अंगनात जाऊ का म्हून सुनेले इचारून राह्यलती. लेकरावानी."

मी वांग्यांची रास उगाच नीट करत राहिलो.

"तिले ऊन नाई बाधलं, दिनू," शेवंताबाई म्हणाली. "तू बाधला."